आधी हात दाखव

ही गोष्ट खरी आहे. पटली तर ठेवा, नाही पटली तर सोडून द्या. पण थापा म्हणू नका, कारण यातली दोन माणसं आजही बालाघाटात राहतात आणि रस्त्यात समोरासमोर आली तर त्यातलं एक मान वळवून निघून जातं.

घडली ती माझ्या मामेबहिणीसोबत. दीप्ती तिचं नाव.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही. भूतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या बालाघाटची मे महिन्यातली दुपार पाहिलेली नाही. रविवार होता. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. डांबर चपलेला चिकटत होतं.

गोंदिया रोडला एका खासगी कंपनीचं ऑफिस आहे. कोणत्या, ते विचारू नका. त्याच्या वरच्या मजल्यावर सर्व्हरची खोली.

त्या दुपारी तिथे दोघंच होते. दीप्ती आणि तिचे सर, वीरेंद्र.

म्हणजे... दोघंच असायला हवे होते.

पुढचं समजायचं तर हे काम कसं चालतं ते आधी ऐका. सर्व्हर म्हणजे मोठा कॉम्प्युटर. तो लोखंडी कपाटात बसवलेला असतो, त्या कपाटाला रॅक म्हणतात. अधूनमधून त्याच्या एकेका भागाची तपासणी करावी लागते. पंखे, डिस्क, पॉवर सप्लाय. काही भाग तो स्वतःच तपासतो, पण काही ठिकाणी त्याला माणसाचे डोळे लागतात. स्क्रीनवर प्रश्न येतो, मागचा निळा दिवा लागला का? हो की नाही?

म्हणून एक जण समोर कीबोर्डवर बसतो, एक जण रॅकच्या मागे उभा राहतो. समोरचा ओरडून विचारतो, मागचा ओरडून सांगतो. रॅक माणसापेक्षा उंच, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही.

शेवटची तपासणी विजेची. सर्व्हरला दोन लाइनी असतात, एक बंद पडली तरी दुसरीवर तो चालू राहतो. पहिल्या लाइनीचा डबा रॅकच्या मागे भिंतीवर, पण तिचा स्विच समोर, कीबोर्डच्या बाजूला. कोणत्या शहाण्यानं असं बसवलं देव जाणे. समोरच्यानं स्विच खाली करायचा, मागच्यानं डबा उघडून ढिल्या तारा घट्ट करायच्या, मग समोरच्यानं स्विच वर करायचा.

मागच्याचे हात डब्यात असताना स्विच वर गेला तर काय होईल, ते सांगायला इंजिनीयर लागत नाही.

ते झालं होतं. याच खोलीत, दोन वर्षांपूर्वी.

तेव्हा मागे अश्विन होता आणि समोर वीरेंद्र.

अश्विन भरवेलीचा. वडील मँगनीजच्या खाणीत होते, ते गेले तेव्हापासून घरी तो आणि त्याची आई जिजाबाई. दीप्तीला हे काम त्यानंच शिकवलं. त्याच्या उजव्या मनगटावर हिरवा विंचू गोंदलेला होता. कटंगीच्या बाजारात हौसेनं गोंदवायला बसला आणि सुईला भिऊन मधेच हात ओढून घेतला, म्हणून विंचवाची नांगी अर्धीच राहिली. दीप्ती त्यावरून त्याला फार चिडवायची.

या अश्विनची एक सवय होती. तो रॅकच्या मागून आवाज द्यायचाच नाही. काम झालं की रॅकच्या कडेनं दोन्ही हात बाहेर काढायचा, तळवे समोर करून.

"एवढ्या पंख्याच्या आवाजात कोन काय बोल्लं, काय समजते?" तो दीप्तीला सांगायचा. "आधी हात दाखव म्हनाचं. हात दिसले, मंगच स्विच."

तरीही तो गेला.

वीरेंद्रनं पोलिसांना सांगितलं, "मी विचारलं, झालं का? त्यानं हौ म्हटलं. मी स्विच वर केला."

कागदावर आलं, मृताची स्वतःची चूक.

जिजाबाई भेटेल त्याला सांगत राहिली, "माहा अश्विन हौ म्हनतच नव्हता. हात दाखवत होता. हात दिसले का, एवढंच त्या सायबाले विचारा."

कोणी विचारलं नाही. दीप्तीनंही नाही. ती दर महिन्याला भरवेलीला जायची, जिजाबाईकडे चहा प्यायची, आणि तो एक प्रश्न पोटात घेऊन परत यायची. त्या "हौ"चं ओझं एका मेलेल्या माणसावर होतं आणि ते खोटं आहे, हे तिला आतून ठाऊक होतं.

तर त्या रविवारी अश्विननंतर पहिल्यांदाच ती त्या खोलीत आली.

वीरेंद्र म्हणाला, "तू बस समोर, मी मागे बघतो." ती बसली. दाराकडे तिची पाठ होती. तपासणी सुरू झाली.

पहिला प्रश्न आला.

"सर, निळा दिवा दिसला का?"

"हौ."

तिनं बटण दाबलं. मनात तिला हसू आलं. वीरेंद्र मूळचा इकडचाच, पण साहेब झाल्यापासून "हौ" त्याला गावंढळ वाटायचं. कामात नेहमी "यस". आज साहेब जमिनीवर आले म्हणायचे.

"आता हिरवा?"

"हौ."

"आणि खालच्या डिस्कचा?"

"हौ."

तेवढ्यात... खोलीचं दार उघडलं.

वीरेंद्र आत आला. हातात पाण्याच्या दोन थंड बाटल्या.

"अरे, सुरू बी केलं? मले येऊ तर द्याचं."

दीप्तीनं आधी रॅककडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"सर... तुम्ही मागं होते ना?"

"मी खाली गेलतो, पानी आनाले. काहून?"

ती उठली आणि रॅकच्या मागे गेली. तिथे कोणी नव्हतं. भिंत, वायरी आणि तो डबा.

डबा उघडा होता.

झाकण बाजूला टेकवून ठेवलेलं. त्याचे स्क्रू फरशीवर एका ओळीत मांडलेले.

वीरेंद्रनं तिच्या खांद्यावरून पाहिलं.

"हे तू खोललं?"

"नाई सर."

"मंग वॉचमननं खोललं असन. टेन्शन मत ले. बस जाऊन."

कोणता वॉचमन डब्याचे स्क्रू काढून ओळीत मांडतो? पण साहेबाशी वाद कोण घालणार? सोमवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आत काम संपवायचं होतं. ती बसली. तिच्या पाठीला घाम फुटला होता आणि एसी तर फुल चालू होता.

पंख्यांची तपासणी लागली. सगळे पंखे पूर्ण वेगात फिरायला लागले. खोलीत नुसता घोंगाट.

आणि मग... सगळा आवाज थांबला.

स्क्रीनवर पंखे चालूच होते. हवेचा झोत तिच्या तोंडावर येत होता. फक्त आवाज नव्हता.

त्या शांततेत रॅकच्या मागून ऐकू आलं...

कर्र... कर्र...

कोणीतरी सावकाश स्क्रू फिरवत होतं.

वीरेंद्र तिच्या बाजूलाच उभा होता. त्यानंही ऐकलं.

"उंदीर हाय," तो म्हणाला.

आता मात्र दीप्तीच्यानं राहवलं नाही. दोन वर्षं पोटात ठेवलेलं ओठांवर आलं.

"सर, एक विचारू? त्या दिवशी अश्विनदादानं खरंच हौ म्हटलं होतं?"

कर्र... थांबलं.

जणू मागचाही उत्तराची वाट पाहत होता.

वीरेंद्रनं रॅककडे पाहिलं. त्याला एक संधी मिळाली होती, असं मला आजही वाटतं. नाही, मला घाई होती, मी वाट पाहिली नाही, एवढं जरी तो बोलला असता. तिथे ऐकायला दीप्तीशिवाय होतं कोण?

"म्हटलं होतं," तो खेकसला. "कितीदा सांगू? त्यानंच म्हटलं होतं."

पंख्यांचा आवाज एकदम परत आला.

आणि स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली. पहिली लाइन नापास. ढिली जोडणी.

तोच डबा.

"मी जातो," वीरेंद्र म्हणाला. कोणाला तरी दाखवून द्यायचं होतं त्याला, की मी भीत नाही. "दोन मिनटाचं काम हाय. स्विच खाली कर."

तिनं स्विच खाली केला.

"सर, आधी हात दाखवा. मंगच मी वर करीन."

"हात दाखवून अवलक्षण कायले? मी यस म्हटलं का वर कर."

"नाई सर. हात."

"बरं बाई, दाखवतो," तो हसला. हसणं काही जमलं नाही त्याला. त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या लांब बाह्या मनगटापर्यंत बटण लावलेल्या होत्या. मे महिन्यातही तो तशाच ठेवायचा, साहेबी थाट. तो रॅकच्या मागे गेला.

दीप्ती स्विचजवळ उभी राहिली. घोंगाट इतका की स्वतःचा श्वास ऐकू येईना.

"सर, झालं का?"

काही नाही.

"सर?"

मग...

"हौ."

तिनं हात स्विचवर नेला. आणि थांबवला.

"हात दाखवा!"

रॅकच्या कडेनं सावकाश... दोन हात बाहेर आले.

तळवे समोर. बोटं पसरलेली. थोडा वेळ तसेच राहिले, मग मागे गेले.

तिनं स्विच वर केला.

रॅकच्या मागून एक आवाज आला. तो मी लिहीत नाही. दीप्तीनं मला एकदाच सांगितला आणि तेवढं पुरे आहे.

तिनं स्विच खाली ओढला आणि धावली. वीरेंद्र डब्याखाली पडला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे पडले होते. शर्टाच्या बाह्या त्यांना चिकटल्या होत्या.

बाह्या.

जे हात तिला दिसले होते, ते उघडे होते. आणि उजव्या मनगटावर हिरवा विंचू होता. अर्ध्या नांगीचा.

समोर स्क्रीनवर आलं होतं, पहिली लाइन पास.

वीरेंद्रला आधी गोंदियाला नेलं, मग नागपूरला. जीव वाचला. हात नाही वाचले, दोन्ही कोपराखालून काढावे लागले.

पोलिसांनी दीप्तीला विचारलं, काय झालं?

"मी विचारलं, झालं का? सरांनी हौ म्हटलं. मी स्विच वर केला."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की हे वाक्य कोणाचं आहे. हातांचं तिनं सांगितलंच नाही. कोणाला सांगणार?

तिकडे वीरेंद्र दवाखान्यात येईल त्याला ओरडून सांगत होता, "मी हौ म्हटलंच नाही! मी कधी हौ म्हनतच नाही! विचारा कोनाले बी!"

कोणी विचारलं नाही.

कागदावर आलं, जखमीची स्वतःची चूक.

दीप्ती भरवेलीला गेली. जिजाबाई अंगणात भांडी घासत होती. दीप्तीनं सगळं सांगितलं, डब्यापासून विंचवापर्यंत. म्हातारीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"हात कसे होते वो, बाई?"

"साफ होते, मावशी. एक बी डाग नव्हता."

जिजाबाईनं ते हात शेवटचे पाहिले होते तेव्हा ते ओळखू येत नव्हते. ती पदरात तोंड घालून रडली. पोराच्या मातीलासुद्धा ती रडली नव्हती. मग डोळे पुसून उठली.

"झालं मंग," ती म्हणाली. "बस, चहा ठेवतो."

इथे गोष्ट संपायला हवी. अश्विनला न्याय मिळाला म्हणायचं आणि गप बसायचं. सुरुवातीला मला आसुरी समाधानही वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण एक गोष्ट मला झोपू देत नाही.

वीरेंद्र "हौ" म्हणत नाही, हे दीप्तीला माहीत होतं. तो "यस" म्हणणार, हे ठरलं होतं. रॅकच्या मागून पहिल्यांदा "हौ" आलं तेव्हा तो खोलीतच नव्हता, हेही तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि ते हात थोडा वेळ तसेच होते, तळवे समोर, मनगटं उघडी.

मी तिला एकदाच विचारलं होतं, "दीप्ती, विंचू तुला स्विच वर करायच्या आधी दिसला, का नंतर आठवला?"

तिनं फक्त स्वतःचे दोन्ही हात ओढणीखाली घेतले.

मी पुन्हा विचारलेलं नाही. विचारलं तर ती "हौ" म्हणेल... याची मला भीती वाटते.