वळणावरचा हात

बायकोनं वही पुढ्यात आपटली. "एकदाचं लिहून टाक, म्हणजे रोज जेवताना ऐकावं लागणार नाही." लिहितो. शाळा मी लवकर सोडली, चुका काढायच्या असतील त्यानं स्वतः लिहावं.

आम्ही चौदा मोटारसायकलवाले दर मे महिन्यात इंग्लंडच्या समुद्रकाठच्या स्कारबरोला तीन दिवस जायचो. गावात शुक्रवारपासूनच धिंगाणा. गुलाबी टोप्या घालून झिंगलेल्या पोरी, हातातल्या चिप्सवर झडप घालणारे पक्षी, वाळूवर कंटाळलेली गाढवं. आम्हीही काही पाद्री नव्हतो. पण रस्त्यावर शिस्त. पुढे आमचा म्होरक्या क्लिफर्ड. वळण आलं की त्याच्या मागचा गडी तिथं थांबणार, हातानं वाट दाखवणार, आणि पिवळा पट्टा घातलेला शेवटचा माणूस येईपर्यंत जागा सोडणार नाही. हात दाखवील तिकडे वळायचं, रस्ता पाठ असला तरी. तो पिवळा पट्टा बावीस वर्षं माझ्या छातीवर होता.

त्या शुक्रवारी दुपारी तीनलाच समुद्रावरून धुकं चढलं. गावाच्या माथ्यावर चर्चपाशी रस्ता फुटतो. उजवीकडे गाव, डावीकडे होड्या पाण्यात सोडायचा उतार. वळणावर माणूस उभा होता. आमच्यातलाच वाटला. जुना मेणकापडी कोट, त्यातून पाणी ठिबकत होतं. पाऊस नव्हता. हात डावीकडे.

"डावीकडे काय? मासे धरायचेत?" मी ओरडलो.

हात तसाच डावीकडे. नुसता ओल्या दोरखंडाचा वास... मी उजवीकडे वळलो.

लॉजवर नेव्हिल चहा पीत बसलेला. त्या वळणावर त्यालाच ठेवलं होतं.

"जागा का सोडलीस रे?"

"तूच गेलास की समोरून! पिवळा पट्टा, हात वर केलास. दहा मिनिटं झाली."

"मी आत्ता येतोय."

"मग तो...?"

क्लिफर्डनं माझं तोंड हुंगलं. "किती ढोसलीस, विल्फ?"

"थेंब नाही. तिथं एक जण होता, हात डावीकडे करून."

"आणि तू उजवीकडे आलास? हात डावीकडे तर डावीकडे. नियम म्हणजे नियम. काढ तो पट्टा, पियक्कड म्हाताऱ्या."

सगळ्यांसमोर. मी पट्टा काढून त्याच्यापुढे टाकला.

शनिवारी हिंडून परत येताना नेव्हिल पुढे, दुसरा मी, शेवटी क्लिफर्ड. पट्टा त्यानं घातला तोही उलट्या खांद्यावरून, डावखुरा ना! पुन्हा धुकं. चर्चपाशी थांबायची पाळी माझी. हात उजवीकडे करून उभा राहिलो. अकरा गाड्या गेल्या. मग बऱ्याच वेळानं पिवळा पट्टा. हात वर. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, जा, कर माज. आणि निघालो.

लॉजवर कपात चहा ओतताना आठवलं. तो पट्टा सुलट खांद्यावर होता.

धावलो आम्ही सगळे. उताराच्या टोकाशी, पाण्याला लागून क्लिफर्डची गाडी. स्टँडवर नीट लावलेली, दिवा चालू. क्लिफर्ड काही मिळाला नाही. मी आणखी पाच मिनिटं थांबलो असतो तर... ते माझं मी बघीन.

अजून मे महिन्यात एकटा जातो. धुकं असलं की वळणावर माणूस असतोच. आता त्याच्या अंगावर पट्टा आहे, उलट्या खांद्यावरून. मला बघितलं की मान खाली घालतो आणि हात उजवीकडे करतो. पुढे गेल्यावर मी आरशात बघतो. हात पुन्हा डावीकडे गेलेला असतो.

बायको म्हणते, "बिचारा मान खाली घालतो ना? हीच माफी समज."

मान खाली घालणं म्हणजे माफी नव्हे. शिवी सगळ्यांसमोर तोंडानं दिली होती, तर माफीही तोंडानंच मागावी, क्लिफर्ड ॲशवर्थनं.