जेलमधल्या पेशी

"तुमच्याकडं फ्रीज आहे का? फ्रीझर नको... साधा फ्रीज!"

घामानं निथळत आमच्या उमरग्याच्या लॅबमध्ये शिरलेला हा माणूस रक्त तपासायला आलेला नव्हता, एवढं मला लगेच कळलं. छातीशी एक निळा डबा धरलेला — तान्हं लेकरू धरावं तसा.

सोलापूरहून हैदराबादला जाणारी त्याची बस आमच्यासमोरच हायवेवर बंद पडली होती. डब्यात ऑपरेशनमध्ये काढलेल्या कॅन्सरच्या गाठीचा तुकडा होता. तो न गोठता गार राहिला तरच त्यातल्या पेशी जगणार होत्या. मी फ्रीजचा एक कप्पा रिकामा करून दिला. तेव्हा कुठं तो हसला. नागसेन... आपल्याच जिल्ह्यातला, वाशीचा. हैदराबादला संशोधन करायचा.

"काय करता या पेशींचं?" चहा पुढं करत मी विचारलं.

"जेलमध्ये वाढवतो."

"जेलमध्ये? गुन्हा काय त्यांचा?"

"तुरुंग न्हाय हो!" तो खळखळून हसला. "जेलीसारखं असतं ते. काचेच्या बशीत पेशी चपट्या पसरतात, औषध सगळ्यांपर्यंत सारखंच पोचतं. जेलमध्ये त्या एकमेकींना धरून गोळा बनवतात — अंगातल्या गाठीसारखा. त्याच्या आतपर्यंत औषध पोचतं का, ते बघायचं."

तळवे जुळवून त्यानं गोळा करून दाखवला. मी मात्र त्याची लांबसडक बोटंच बघत राहिले...

"दीक्षा मॅडम, चहा गार होतोय तुमचा."

"माझं नाव कुठं कळलं?"

"अ‍ॅप्रनवर आहे की," म्हणत त्यानं पटकन नजर वळवली.

दुसरी बस आली, डबा घेऊन तो गेला. पण फोन येत राहिले. मग तोही — "वाशीला निघालो होतो, मधेच उतरलो." कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. तो तपासत होता त्या औषधाचा विषय निघाला की गडी थांबायचा न्हाय. कितीतरी वर्षं त्यावर घालवली होती. बशीतल्या पेशींवर ते झकास चाललंही होतं.

एका संध्याकाळी फोनवर त्याचा आवाज बसलेला.

"जेलमधल्या गोळ्यांवर औषध चाललं न्हाय, दीक्षा. वरच्या पेशी मेल्या, आतल्या तशाच जित्या. परत परत करून बघितलं."

"मग आता?"

"आमच्या लॅबचे सर म्हणत होते, बशीतले निकाल आधी छापू, गोळ्यांचं नंतर बघू. मी न्हाय म्हणालो. आज सगळ्यांसमोर दोन्ही निकाल मांडले. ते काम बंद झालं."

"वाईट वाटतंय?"

"लई. पण हेच औषध एखाद्या माउलीला दिलं असतं, अन् ती बरं व्हायची वाट बघत बसली असती... त्यापेक्षा आत्ताच कळलं ते बरं. उद्यापासून दुसरं औषध तपासायला घेतो."

इतका खरा माणूस मी पाहिला नव्हता.

"नागसेन... रविवारी मी हैदराबादला येतेय."

"कशाला?"

"तुला बघायला. आणि सांगायला की... मला तू हवायस. कायमचा."



"रविवार लई लांब आहे, दीक्षा," तो हळूच म्हणाला. "मीच निघतो."