बोरूच्या आडची खिडकी

"कोणी आहे का हो? बाहेर पडायची वाट कुठंय?"

समुद्राला लागून असलेल्या बुरुल्लुसच्या खाऱ्या सरोवरात बोरू कापणाऱ्या रावियाचे हात थांबले. आवाज बोरूच्या दाट बनातून येत होता... पुरुषाचा, आणि अगदी रडकुंडीला आलेला.

"शिरताना डोळे घरी ठेवून आलात वाटतं?" तिने विचारलं.

"डोळे आहेत हो! पण बघायला नुसता बोरूच बोरू!"

"डावीकडून या."

आधी होडीचं टोक आलं, मग ओल्या कुरळ्या केसांचा अतवा. पलीकडच्या गावचा कोळी. तिला पाहिलं आणि होडी रेटायचा हातातला बांबू पाण्यात टेकवायचाच विसरला.

"आता दिसतंय," तो म्हणाला. "बरंच काही."

राविया लाजली, पण हसू काही केल्या लपेना.

मग त्याला रोजच वाट चुकायला लागली. साखरपुडा झाला. रीतीप्रमाणे नवऱ्याने घर उभं करायचं आणि नवरीकडच्यांनी ते भरायचं. अतवाने तिच्याच गावात, बोरूच्या मागे, दोन खोल्या बांधल्या. राविया बघायला आली आणि खिडकी उघडून हिरमुसली.

"इथून तुझं शीड कुठं दिसणार?"

"दिसायला हवं?"

"मग? नवरा कधी येणार, हे बोरूला विचारू?"

अतवाची आई दारात होती. "पोरांनो, असू द्या तो बोरू. लाटेचा जोर तोच खातो."

"मावशी, एवढीशी तर वाट!" राविया लाडात म्हणाली.

अतवाने खिडकीपासून उघड्या पाण्यापर्यंत सरळ पट्टा कापला, मुळांसकट. त्या संध्याकाळी दूरवर त्याचं शीड दिसलं आणि तिने खिडकीतून ओढणी फडकवली. इतकं सुख तिला आजवर कधी झालं नव्हतं.

लग्न ठरलं ते कासिम येऊन गेल्यावरचं. त्या किनाऱ्यावर हिवाळी वादळांना नावं आहेत, आणि कासिम डिसेंबरात येतोच. "आगंतुक पाहुणा आहे, आधी त्याला वाटेला लावू," अतवा हसून म्हणायचा. तोवर गाणी म्हणत नवरीचं सामान गाड्यांवरून घरी पोचलंही. पिंजलेल्या कापसाच्या गाद्या, आणि चार माणसांना न हलणारं कपाट.

कासिम पहाटे आला. समुद्र सरोवरात घुसला, सरोवर गावावर चालून आलं. बोरूमागच्या घरांत पाणी शिरलं, पण दमून, घोट्याएवढं. कापलेल्या पट्ट्यातून मात्र लाट सरळ आली आणि दार फोडून आत शिरली. सुनेच्या गाद्या भिजू नयेत म्हणून अतवाची आई तिथे धावली होती. कपाट तिच्या अंगावर पडलं.

आईचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर अतवा रावियाच्या दारी आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"दमिएत्ता बंदरातल्या मोठ्या बोटीवर कामाला जातोय."

"ती वाट मी मागितली होती, अतवा. मला बोल ना... काहीतरी बोल!"

"तुला काय बोलू? कापलं मी." त्याने त्या घराची किल्ली काढली. "तुझ्यावर जीव आहे गं. पण तुझं तोंड पाहिलं की मला ती खिडकी दिसते."

"मग कधीच नाही?"

त्याने किल्ली तिच्या हातात ठेवली आणि मान खाली घालून निघून गेला. ती ओरडली नाही. रडली मात्र खूप, कितीतरी दिवस.

मग एका सकाळी ती पाण्यात उतरली. बोरूची मुळं उपटून आणायची, पट्ट्यातल्या चिखलात दाबायची. गाव म्हणालं, पोरगी खुळावली. ती लावत राहिली. कोंब आले, वाढले, एकमेकांत गुंतले. पुढे एका डिसेंबरात कासिम आला आणि बोरूतच धापा टाकत बसला. त्या दोन खोल्यांचा उंबरा कोरडा राहिला.

वादळ ओसरल्यावर रावियाने तिथली तीच खिडकी उघडली. समोर नुसता बोरू, खिडकीहून उंच. सरोवर दिसत नव्हतं, शीड तर नाहीच.

पलीकडे कुणाचा तरी बांबू पाण्यात बुडाला. थांबला. पुन्हा बुडाला.

"डावीकडून ये," ती म्हणाली, अगदी हळू.

होडी पुढे निघून गेली. ती कुणाची होती, हे खिडकीतून दिसण्यासारखं नव्हतं.