चार ते पाच, छप्पन्न किलो

मोजमाप बिघडवणारे जे जे असेल, ते आकड्यांतून वजा करावे, हा प्रयोग करणाऱ्याचा धर्म. पण वजा करायचे ते आपलेच माणूस असेल तर काय करावे, याविषयी शास्त्र मौन पाळते.

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान संस्थेच्या तळघरात सोन्याचे दोन मणी टांगून त्यांच्यातील ओढ मोजत. प्रकाशाला कण असतात, तसे गुरुत्वाकर्षणालाही असतात काय, हा त्यांचा प्रश्न. त्याच्या उत्तरावाचून कृष्णविवराच्या गाभ्यात काय घडते ते कळणार नाही, असे ते सांगत. यंत्र इतके हळवे, की भिंतीपलीकडे कोणी बसले तरी मणी ढळत. बहीण त्यांना घरी न्यायला रोज चारला येई आणि पाचपर्यंत पलीकडच्या बाकावर बसे. म्हणून दुरुस्त्यांच्या यादीत एक ओळ होती: ‘चार ते पाच, बाक, छप्पन्न किलो.’ संगणक तेवढी ओढ आपोआप वजा करी.

“कृष्णविवर शोधायला कशाला हवे, दादा?” ती म्हणे. “हे त्या खोलीत शिरले की बाहेर येतात का, तूच बघ. संसार माझ्याशी, आणि रोज वजा करतात ते मलाच.”

मागल्या वर्षी ती गेली.

अकरा महिन्यांनी यजमानांनी मला बोलावले. शोधनिबंध सिद्ध होता. बावीस वर्षांत प्रथमच आलेख निर्मळ आला होता. अखेरची तपासणी करता करता त्यांचा हात थांबला.

“दादा, तिची ओळ काढायची राहूनच गेली.”

त्यांनी ती काढली. आलेखावर खळगे उमटले. ती गेल्यानंतरच्या प्रत्येक दिवशी, चार ते पाच. ओळ परत घातली, खळगे बुजले.

पाण्याचे नळ, लिफ्ट, पहारेकऱ्याच्या फेऱ्या, सारे तपासून झाले. पलीकडच्या बोळाला कुलूप होते. चार वाजता मी दाराच्या काचेतून पाहिले. बाकावर धूळ होती, अगदी सारखी पसरलेली.

ओळ ठेवली तर आयुष्याचे काम तडीस जात होते. ‘अज्ञात कारण’ असे लिहा, ते असत्य नव्हे, असे मी सुचवले.

“अज्ञात कसे म्हणू? बावीस वर्षे ती बाहेर बसली, आणि मी तिला वगळत राहिलो. आता नाही वगळणार.”

त्यांनी ओळ खोडली. निबंध फाडला. दुसऱ्या दिवशी बोळाचे कुलूप काढून मधले दार उघडे ठेवले.

चार वाजले. खोलीत आम्ही दोघेच. आमची वजने यादीत होती.

आलेख उतरू लागला. नेहमीच्या तळाशी थांबला नाही. चौपट खोल जाऊन स्थिरावला.

अंतर निम्मे झाले की ओढ चौपट होते, एवढे मलाही ठाऊक होते. बाक यंत्रापासून आठ पावलांवर. चार पावलांवर यजमानांची खुर्ची.

त्यांनी ती जराशी सरकवली, शेजारी एकाची जागा होईल इतकी.

मी बाहेर आलो आणि दार हळूच लोटून घेतले. त्या दोघांना तेथे कोणी न उठवो.