अकरावी शिट्टी

"बसलंय कुणीतरी माइकवर!" रेडिओ क्लबचे सेक्रेटरीकाका चडफडले. "बटण दाबलेलं राहिलंय. बॅटरी संपली की सुटेल आपोआप. आज वर्ग नाही, पळा घरी."

हौशी रेडिओवाल्यांचा गावात एकच चॅनल होता. एकाने बटण दाबून ठेवलं की बाकीच्यांची तोंडं बंद! सुट्टीत रेडिओ शिकायला येणारी चिंगी, तिचा दादा आणि चष्मेवाला ढापण्या यांची सकाळ त्यामुळे पाण्यात गेली होती. काका तर तक्रार लिहायलाच बसले. दर दहा मिनिटांनी आपली ओळख सांगायचा नियम त्या माणसाने तासभर मोडला होता ना!

चिंगीने हेडफोन काढला नाही. त्या शांततेत मागे कुठेतरी कुकर वाजत होता.

"अकरावी," ती म्हणाली.

"काय अकरावी?" ढापण्याने विचारलं.

"शिट्टी. घरात धडधाकट माणूस असेल तर अकरा शिट्ट्या होऊ देईल का?"

"गेला असेल विसरून बाहेर," काका मान वर न करता म्हणाले.

दादाने चिंगीला डोळा मारला. "काका, तक्रारीत नाव-पत्ता नको का? दिशा शोधायचा अँटेना द्या, आम्ही काढतो हुडकून."

काका एकदम खूश! कुलपातला अँटेना लगेच बाहेर आला.

अँटेना गोल फिरवायचा आणि ज्या दिशेला सिग्नल सर्वांत जोरात मिळेल, तिकडे नकाशावर रेघ मारायची. एक रेघ क्लबच्या गच्चीवरून निघाली, दुसरी पुलावरून. दोन्ही छापखान्यामागच्या गल्लीत मिळाल्या, आणि चिंगी धावतच सुटली. तिथे शिंपीआजोबा एकटे राहायचे. मोर्स लिपीची पहिली अक्षरं तिला त्यांनीच शिकवली होती. रेडिओतल्या शिट्ट्या आता थांबल्या होत्या.

त्यांच्या जिन्यात जळका वास कोंडला होता. दार आतून बंद. दादाने दाराशेजारच्या खिडकीची काच फोडली, आत उडी मारली, दार उघडलं आणि गॅस बंद करायला धावला.

आजोबा शिलाई मशीनपाशी आडवे पडले होते. तोंड वाकडं झालेलं, डोळे उघडे, मुठीत माइक. ढापण्या रडायलाच लागला.

चिंगीने त्यांचं एकेक बोट सोडवलं. बटण सुटताच रेडिओतून कल्ला उठला. "सुटला एकदाचा गाढव!" "कोण होता रे तो?" आजोबांना सगळं ऐकू येत होतं.

चिंगीकडे रेडिओवर बोलायचा परवाना नव्हता. तरी तिने बटण दाबलं.

"सगळे गप्प बसा. शिंपीआजोबा पडलेत. छापखान्यामागची गल्ली, दुसरा मजला. रुग्णवाहिका पाठवा."

दुपारी दवाखान्यात सेक्रेटरीकाकांनी सगळ्यांदेखत चिंगीची पाठ थोपटली. "आमच्या क्लबच्या पोरांनी जीव वाचवला!"

"वाचवलाच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शाबास, पोरांनो. बोलणं मात्र बहुतेक परत येणार नाही. तासभर आधी आणलं असतं तर..."

"तासभर ते आपल्यालाच बोलवत होते, काका," चिंगी म्हणाली.

काकांचा हात तिच्या पाठीवर तसाच राहिला. त्यांना तो उचलताही येईना.