चार नंबरच्या हौदावरचा दिवा

त्याची माझी पहिली भेट झाली तेव्हा मी आडवी होते.

पहाटेचा अंधार अजून पुरता विरघळला नव्हता. आमच्या मत्स्यबीज केंद्रात तीन आणि चार नंबरच्या हौदांमधून चालताना रबरी नळी पायात आली, आणि मी खाद्याच्या बादलीसकट भुईसपाट. गाल ओल्या सिमेंटवर, केसांत माशांचं खाद्य. देवाचं नाव तोंडातून निघालं, पण ते काही भक्तीने नव्हे.

"लागलं का?" वरून आवाज आला.

अगदी वरून. क्षणभर वाटलं, हाक पोचली की काय... मान उचलली तर पंपाच्या खोलीला टेकवलेल्या शिडीवर एक माणूस बसला होता. हातात पक्कड, कपाळावर बॅटरी. पंप दुरुस्तीला नवीन वायरमन येणार हे मला माहीत होतं. तो माझ्या आधी येऊन बसेल हे नव्हतं.

नाही लागलं, असं मी तोऱ्यात सांगितलं. तो खाली उतरला, बादली सरळ केली, सांडलेलं खाद्य ओंजळीने भरलं आणि माझ्या केसांकडे बघून म्हणाला, उरलेलं मात्र तुम्हालाच काढावं लागेल. हसला नाही. डोळे तेवढे हसले.

आठवड्याने पाहते तर चार नंबरच्या हौदाच्या खांबावर दिवा. संध्याकाळ झाली की आपोआप लागणारा, सकाळी आपोआप मालवणारा. वाट लख्ख दिसत होती. कुणी सांगितलं, असं विचारलं तर म्हणाला, कुणी कशाला सांगायला हवं? माणसाला पाय ठेवायला जागा दिसली पाहिजे.

माझ्यासाठी आजवर कुणी दिवा लावला नव्हता हो.

मग तो रोज यायला लागला. कधी पंपाचा आवाज ऐकायला, कधी फ्यूज तपासायला, कधी नुसता दिवा पुसायला. केंद्रावर तीस वर्षं माशांना खाऊ घालणारे मामा एकदा म्हणालेच, "इतका पुसलेला बल्ब मी दुकानातसुद्धा पाहिला नाही." तो कानापर्यंत लाल झाला. मी नोंदवहीत तोंड घातलं.

त्या दिव्याखाली उभं राहून मी त्याला आमच्या माशांची गोष्ट सांगितली. त्यांची नदी लांब आहे. तिच्यात कारखान्याचं कोमट पाणी सुटायला लागलं, आणि माद्यांनी अंडी धरणंच सोडलं. मासा धडधाकट, पोहतोय, खातोय, पण वंश वाढेना. उरल्या त्या नऊ माद्या थोड्या नरांसकट आम्ही इथे आणल्या. या थंडीत त्यांनी अंडी दिली तर दिली. पुढच्या थंडीपर्यंत त्यांचं वय निघून गेलेलं असेल, आणि तो मासा या जगातून कायमचा जाईल.

"पण त्यांना कळतं कसं, आता वेळ झाली म्हणून?" त्याने विचारलं.

मी शिकवायच्या ऐटीत सांगितलं. पाणी थंड होतं, दिवस आखूड होतो, रात्र लांबते. मासे रात्र मोजतात. रात्र पुरेशी लांबली की अंगात अंडी भरायला लागतात.

"आणि माणसं?"

"माणसं... माणसं काय मोजतात कुणास ठाऊक," मी म्हणाले, आणि थर्मामीटर पाण्याऐवजी स्वतःच्या खिशात ठेवला.

सहा आठवडे गेले. पाणी हवं तेवढं थंड, प्राणवायू भरपूर, तळाला गोटे, खाद्यात कसर नाही. सगळ्याची दोनदा नोंद. तरी चार नंबरमधल्या आठही माद्यांची पोटं सपाट. घरी जेवतानाही मी नोंदी चाळत बसायची. बाबा नुसते ताटात भाजी वाढत. संध्याकाळी ओसरीत दिवा न लावता बसायची त्यांची सवय. मी एकदा चिडून बटण दाबायला गेले तर म्हणाले, "राहू दे गं. उजेडासाठी सगळेच हात जोडतात. अंधारही त्यानेच दिलाय, तो काय उगाच?"

मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं.

नववी मादी सात नंबरमध्ये होती. एका डोळ्याने आंधळी, सगळ्यांत म्हातारी, म्हणून मामांनी तिला दोन नरांसोबत कोपऱ्यातल्या हौदात वेगळं ठेवलं होतं. आम्ही तिला आजीबाई म्हणायचो. तिच्याकडून कुणाचीच काही अपेक्षा नव्हती. एका संध्याकाळी सहज तिला हातात घेतलं आणि... पोट गच्च भरलेलं, मऊ.

मी तिथेच उकिडवी बसून राहिले. पाणी तेच, पंप तोच, खाद्य तेच. मग ही एकटीच कशी?

इतक्यात पलीकडे 'टक्' असा आवाज झाला. चार नंबरवरचा दिवा लागला. पिवळा उजेड पाण्यावर पसरला आणि आठही माद्या त्यात भर दुपार असल्यासारख्या फिरू लागल्या. माझ्याभोवती, आजीबाईच्या हौदावर, अंधार हळूच उतरला.

सहा आठवडे त्यांना रात्रच मिळाली नव्हती.

ज्या दिव्याखाली उभी राहून मी त्याला रात्रीचं महत्त्व शिकवत होते, तोच तो दिवा. सगळं मोजलं मी, उजेड तेवढा मोजला नाही. कारण तो मला आवडला होता.

दुसऱ्या दिवशी त्याला सगळं सांगितलं. चूक माझी आहे, मला कळायला हवं होतं, असं तीनदा म्हणाले. त्याने शिडी लावली, बल्ब काढला, रुमालात गुंडाळला. खाली उतरल्यावर एवढंच म्हणाला, "मला वाटलं होतं, मी तुम्हाला काहीतरी दिलं."

दिलंच की, असं म्हणायला हवं होतं. तो गेला.

आणि मग यायचाच थांबला. पंपांपैकी एकही बिघडेना. इतके गुणी पंप मी आयुष्यात पाहिले नाहीत. रोज पहाटे बॅटरीसुद्धा न लावता मी चाचपडत चार नंबरपर्यंत जायची आणि मनातल्या मनात म्हणायची, देवा, दिलंस तर पुरतं दे, नाहीतर हुरहूर तरी परत घे.

पंधरा-वीस दिवस झाले असतील. एका पहाटे फाटकातून आत शिरले आणि हाताला काहीतरी लागलं. दोर. कमरेइतक्या उंचीवर ताणून बांधलेला. मी तो धरून चालू लागले. पुढे एक गाठ लागली — आणि पायाला रबरी नळी. अलगद ओलांडली. मग दोन गाठी, तिथे वळण. मग तीन गाठी, आणि चार नंबरचा कठडा. दोराचं टोक त्याच खांबाला बांधलं होतं, जिथे पूर्वी दिवा होता.

मामा आले तेव्हा मी अजून दोर धरूनच उभी होते. "तुम्ही घरी गेल्यावर येतो तो," ते म्हणाले. "दोन दिवस डोळे मिटून चालून बघत होता इथे. तुमचं पाऊल केवढं पडतं ते मला विचारत होता. मला काय माहीत, तुमचं पाऊल केवढं?"

तरी मी निरोप धाडला नाही. कशाच्या जोरावर धाडणार? आधी माद्या. आणखी आठ दिवसांनी पहिलीचं पोट मऊ लागलं. मग दुसरीचं. पाचवीला हात लावला तेव्हा मी मामांना सांगितलं, वायरमनला फोन करा, पंप बिघडलाय.

मामांनी शांत गुरगुरणाऱ्या पंपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "फारच बिघडलाय," म्हणाले आणि फोन घ्यायला गेले.

तो धापा टाकत आला, हत्यारांच्या पिशवीसकट. मी त्याच्या हातात पिशवीऐवजी पसरट तसराळं दिलं. कोरडं हवं, हलवायचं नाही, असं बजावलं. मग ओल्या कापडात मादी धरली आणि पोटावरून अंगठा हलकेच खाली नेला. केशरी मण्यांसारखी अंडी तसराळ्यात ओघळली... त्यांचा इतका बारीक आवाज होता की आम्ही दोघांनी श्वास धरला.

आठांतल्या पाच माद्यांनी दिली. तिघी रित्याच राहिल्या. त्यांची पोटं बघून तो कासावीस झाला, म्हणाला, या तिघी माझ्यामुळे.

"आपल्यामुळे," मी म्हणाले. "आणि वंश चालायला पाच पुरतात. सहावी आजीबाई. तिचं तसराळं मामांनी केव्हाच भरलंय."

नरांच्या बीजाने फळवलेल्या अंड्यांच्या ट्रेवर तीन आठवडे काळं कापड होतं. तो रोज यायचा. आता पंपाचं निमित्तही करत नव्हता. ज्या दिवशी कापडाचा कोपरा उचलून मी त्याला बोलावलं, त्या दिवशी प्रत्येक मण्यात दोन काळे ठिपके होते. डोळे.

"बघतायत आपल्याकडे," तो कुजबुजला.

"बघू देत."

कापड पुन्हा झाकलं. संध्याकाळ उतरत होती. चार नंबर, सात नंबर, सगळे हौद एकेक करून काळोखात जात होते, आणि कधी नव्हे ते मला त्या काळोखापुढे हात जोडावेसे वाटले. आम्ही फाटकाकडे निघालो. तो नेहमीसारखा दोन पावलं मागे.

"दोर सैल झालाय का बघतो," तो म्हणाला. "उद्या पहाटे तुम्ही पडायला नको."

"दोराच्या गाठी चार नंबरपर्यंतच पुरतात," मी म्हणाले. "पुढच्या वाटेला नळ्या किती असतील, वळणं किती असतील... ते कुठे माहितीय?"

तो थांबला.

"तो बल्ब मी ठेवलाय," तो म्हणाला. "रुमालातच आहे. घरात लावण्यासारखा आहे. माशांना तिथे त्रास होणार नाही."

"बाबांना अंधारात बसायला आवडतं."

"मग स्वयंपाकघरात लावू."

मी दोरावरचा हात काढला आणि अंधारातच त्याच्यापुढे धरला. तो त्याला पहिल्या झटक्यात सापडला.