समुद्राची गोधडी

"शाहिदभाई, अगस्त के समंदर के लिए कौनसा नीला?" इथे आखातात, झिंज भागातल्या कापडाच्या दुकानात मी विचारलं, आणि शेजारून आवाज आला, "निळा कशाला? ऑगस्टात समुद्र पस्तीस डिग्री असतो. तांबडा घ्या."

मी वळून पाहिलं. तुटलेलं बटण मुठीत धरून एक जण हसत होता.

हा गुरुप्रसाद, मालवणचा. मुहर्रकच्या किनाऱ्यावर समुद्राचं तापमान मोजायची त्याची नोकरी. मी शाळेत चित्रकला शिकवते. प्रदर्शनासाठी मला इथल्या समुद्राची गोधडी शिवायची होती. गेल्या वर्षातल्या एकेका दिवसाला एक तुकडा, तापमानाप्रमाणे रंग.

"आकडे द्याल?"

"देईन की. पण रोज एकच. ऑफिसचा नियम."

असला कसला नियम, म्हणून मी कुरकुरले. पण रोज संध्याकाळी तो आमच्या बिल्डिंगखाली हजर!

"बारा जानेवारी. अठरा."

"मग मोरपंखी."

"तुमच्या ओढणीसारखा…?"

मी रागावल्याचं नाटक केलं. दुसऱ्या दिवशी ओढणी मात्र तीच घेतली.

'तुम्ही'चं 'तू' झालं. सुई टोचली की तो बोटावर फुंकर घालायचा… पण त्यापुढे एक शब्द नाही! आणि माझाही ताठा काही कमी नव्हता. पुण्याहून आई स्थळासाठी मागे लागली होती. दोन महिने मी टाळलं. गुरूनं एकदा विचारावं, एवढंच हवं होतं मला. शेवटी वैतागून आईला 'हो' म्हणून टाकलं.

त्याला सांगितलं, तेव्हा दोनशे चौदावा तुकडा मांडीवर होता. खिशातून पेनड्राइव्ह काढून त्यानं माझ्या हातात ठेवला.

"अख्खं वर्ष आहे यात."

"कधी मिळालं?"

"पहिल्या दिवसापासून होतं. नियम-बियम मफी, काही नव्हताच, कश्मिरा. सगळं एकदम दिलं असतं, तर तू परत भेटली असतीस?"

"गाढवा… मग बोलला का नाहीस?"

"डिसेंबरचा शेवटचा आकडा देताना विचारणार होतो. अजून पाच महिने आहेत, असं धरून चाललो."

मला रडू आवरेना. "फार आवडतोस रे तू मला," मी म्हटलं. किती सोपं होतं ते!

"मग पुण्याला फोन कर ना."

"काय सांगू? त्या मुलानं विचारलं मला, गुरू. पहिल्याच फोनवर, सरळ. त्याचा काय दोष?"

तो मान हलवून उठला. मी थांब म्हटलं नाही.

उरलेले पाच महिने मी एकटीनं आठ दिवसांत शिवून टाकले. आता कुणाची वाट बघायची नव्हती.